सीटवर बांधलेला तंबू

कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटरवर आहे आणि महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही. मनालीचा बाजार भरतो तो सुमारे २,०५० मीटरवर. म्हणजे मुंबई-पुण्याचा मोटरसायकलवाला ‘आता खरी राइड सुरू’ म्हणत जिथे टाकी फुल्ल करतो, ते गावच त्याच्या राज्यातल्या सर्वांत उंच शिखरापेक्षा चारशे मीटर वर बसलेलं असतं. ताम्हिणी, वरंध, आंबोली अशा घाटांतून भर पावसात गाडी चालवून हात तयार झालेला असतो. चिखल, वळणं, धुकं, समोरून येणारा बेफाम टँकर या सगळ्याचा सराव पुढे कामाला येतो. उंचीबद्दल मात्र सह्याद्री काही शिकवत नाही, शिकवूच शकत नाही. तरीही मनाली-लेह रस्त्यावर जून ते सप्टेंबरमध्ये ‘एमएच’ने सुरू होणाऱ्या नंबरप्लेटी कमी दिसत नाहीत आणि त्यांत एकट्याने निघालेलेही असतात. निघण्याआधी त्यांची चर्चा चालते ती गाडी कोणती, टायर कोणते, जॅकेट कोणत्या कंपनीचं यावर. तंबूचा विषय निघालाच तर हौसेच्या सामानात: फोटो छान येतात, लॉजचे पैसे वाचतात. माझं म्हणणं असं, की या रस्त्यावर एकट्या माणसाचा तंबू हा हेल्मेटच्या रांगेत बसणारा सामानाचा भाग आहे. कारण तो कुठे झोपायचं हे ठरवण्याचा हक्क बुकिंगकडून काढून घेतो आणि स्वाराच्या हातात देतो. आणि उंच डोंगरात जिवाचं बरंवाईट बरंचसं कुठे झोपलो यावरच ठरतं.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण निम्म्यावर येतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, पण एका श्वासात फुफ्फुसांत येणारा ऑक्सिजन निम्मा. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याच्या वेगाने: आधी श्वास वाढतो, मग मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित नव्याने मांडतात, आणि या सगळ्याला काही दिवस लागतात. अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही डोकेदुखी, मळमळ, थकवा, भोवळ असा त्रास होऊ शकतो. वय, व्यायाम, जिममधला घाम यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. उलट तरुण आणि तंदुरुस्त माणूस घाई करतो म्हणून तोच अनेकदा सापडतो. पर्वतीय वैद्यकातला रूढ सल्ला असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. हा सल्ला मुक्कामाच्या उंचीबद्दल आहे हे लक्षात घ्या. दिवसा पाच हजारांची खिंड ओलांडून खाली उतरणं बऱ्याच जणांना झेपतं. झोपेत श्वास मंदावतो, ऑक्सिजन आणखी घसरतो आणि त्रास बहुधा रात्री किंवा पहाटे उठताना अंगावर येतो.

आता हा नियम घेऊन मनाली-लेह रस्ता पाहू. पूर्वी रोहतांगची ३,९७८ मीटरची खिंड ओलांडण्यातच अर्धा दिवस जायचा. चिखल, ट्रकांच्या रांगा, बर्फ पाहायला आलेल्या गाड्या. त्या खोळंब्याला सगळे शिव्या घालत, पण पलीकडे केलाँगला पोचेपर्यंत संध्याकाळ होई आणि मुक्काम आपोआप पडे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि आता मनालीहून निघालेला स्वार तासा-दीड तासात तीन हजार शंभर मीटरवर, सिस्सूच्या शेतांपाशी असतो. सकाळचे दहाही वाजलेले नसतात. लाहौलच्या लोकांसाठी बोगदा हे वरदान आहे. हिवाळ्यात आजारी माणसाला खाली आणता येतं याची किंमत पर्यटकाने ठरवू नये. पण स्वाराच्या बाजूने पाहिलं तर रस्ता जो उशीर सक्तीने करायला लावत होता, तो आता त्याला स्वतःहून करावा लागतो. सकाळी दहाला केलाँगच्या अलीकडे पोचलेला माणूस तिथे थांबतो कशाला? तो जिस्पा गाठतो, मनात असतं सर्चू.

जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे, सर्चू ४,२९०च्या आसपास. मधलं अंतर जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पण झोपण्याच्या उंचीत एका रात्रीत हजार मीटरहून जास्त उडी, म्हणजे सल्ल्याच्या दुप्पट. सर्चूची दुसरी गोम नकाशावर पटकन दिसत नाही. उंचीच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. आणि सर्चूहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. मागे बारालाचा खिंड, ४,८९० मीटर. पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं, मग नकीला, मग पाच हजार पार केलेली लाचुलुंग, आणि त्यापुढचं पांग हे सर्चूहूनही उंच, ४,६०० मीटरवर. रात्री दोन वाजता ज्याचं डोकं फुटायला आलं आहे त्याने दोन्हीकडून बंद असलेल्या या कढईतून बाहेर कसं पडायचं? बरोबर चारचाकी असली तर कुणी तरी नेईल. एकट्याने अंधारात, ओकाऱ्या देत बारालाचा चढणं हा उपाय नव्हे.

आणि जिस्पा-सर्चू यांच्या दरम्यान, दारचाच्या पुढे, दीपक तालच्या परिसरात, रस्ता ३,८०० मीटरच्या आसपास असतो. जिस्पा ३,२००, दीपक ताल ३,८००, सर्चू ४,२९०: पायऱ्या जवळजवळ हव्या तशा पडतात. पुढची पायरी सोपी नाही हे खरं, कारण सर्चूनंतर टांगलांग खिंडीच्या ५,३२८ मीटरपलीकडे उतरेपर्यंत फारशी कमी उंचीची जागाच नाही. पण दोन रात्री नीट चढलेलं शरीर आणि एका झेपेत आलेलं शरीर यांत फरक पडतो. अडचण एवढीच, की जिस्पाहून दीपक तालपर्यंत जायला मोटरसायकलला तासभरही लागत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरसाठी आख्खा दिवस? हॉटेल शोधणाऱ्याला हे पटतच नाही, कारण तिथे हॉटेल नाही. तंबूवाल्याला ते निदान शक्य आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: तंबू न्यायची गरज काय, रस्त्यावर तयार तंबू आहेतच की. खरं आहे. झिंगझिंगबार, भरतपूर, सर्चू, पांग इथे मोसमात पॅराशूटच्या कापडाचे तंबू लागतात. आत चूल असते, रजया असतात, राजमा-चावल आणि मॅगी मिळते, दोन-चारशे रुपयांत रात्र निघते. या रस्त्यावर कितीतरी माणसं सुखरूप असतात ती या तंबूंमुळे, हे कबूलच. पण ते तिथेच का आहेत हा प्रश्न विचारून पाहा. ट्रकवाल्याची जेवणाची वेळ, खिंडीआधी किंवा खिंडीनंतर इंजिन थंड करण्याची सोय, पाण्याचा झरा, सपाट जागा या हिशेबाने ते वसले. तिथे झोपणारा चालक मोसमभर याच रस्त्यावर वर-खाली करतो, त्याच्या रक्ताला ती हवा सवयीची. भरतपूर बारालाचाच्या अगदी लगत, साडेचार हजारांच्या वर. दीड दिवसापूर्वी मनालीत असलेल्या माणसाने तिथे रजई ओढून झोपणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. शिवाय सप्टेंबर सरत आला की हे तंबू एकामागून एक गुंडाळले जातात, आणि आकाश निरभ्र म्हणून त्याच दिवसांत जाणारे बरेच असतात.

शरीर बाजूला ठेवलं तरी रस्ता स्वतः मुक्काम बदलायला लावतो. स्पितीत काझाला जाणारा ग्रांफू-बातल-कुंझुम रस्ता घ्या. तिथे पूल नसलेले नाले थेट रस्त्यावरून वाहतात. हे पाणी हिमनद्यांचं, म्हणून ते घड्याळ पाळतं. पहाटे थंडीने वितळणं थांबलेलं, नाल्यात पोटऱ्यांपर्यंत पाणी, खालचे गोटे दिसतात. दुपारी ऊन तापलं, की दोन-तीन तासांनी तोच नाला गढूळ होऊन मांड्यांपर्यंत चढतो आणि आत गोटे गडगडत असल्याचा आवाज येतो. छत्रूच्या पुढच्या एका नाल्याला लोक सरळ पागल नाला म्हणतात. काझात खोली बुक केलेला आणि मनालीहून उशिरा निघालेला स्वार नेमका तीन-चारच्या सुमारास अशा पाण्यासमोर येतो. पुढे खोली आहे, मागे जायचं तर अंधार पडेल, म्हणून तो गाडी घालतो. इथे कौशल्याचा प्रश्न नंतर येतो. पहिला गिअर, क्लच न दाबता एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर, आधी चालत जाऊन तळ पाहणं, हे सगळं त्याला पाठ असतं. पण सामानासकट सव्वादोनशे किलोची गाडी पाण्यात आडवी झाली तर एकट्याने ती उभी करणं, तेही चार हजार मीटरच्या आसपास, हे पाठ असून भागत नाही. ज्याच्या सीटवर तंबू आहे तो अलीकडच्या काठापासून दूर, उंचवट्यावर मुक्काम टाकतो आणि सकाळी सहाला तोच नाला बूट जेमतेम भिजवत पार करतो.

कुणी म्हणेल, तंबूत थांबणारेही अडकतातच. २०२३च्या जुलैत चंद्रताल तळ्यापाशी अवेळी बर्फ पडलं आणि अडीचशेहून अधिक पर्यटक तिथल्या छावण्यांत कित्येक दिवस अडकून राहिले होते. पण ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. रस्ता उघडेपर्यंत ते डोक्यावर कापड, पोटाला अन्न घेऊन थांबू शकले. डोंगरात अडकणं हा अपघात नव्हे. अडकल्यावर थांबता न येणं, हा आहे.

यंत्राच्या बाजूने काळ बदलला आहे, आणि त्यामुळेही हा मुद्दा अधिक महत्त्वाचा झाला. कार्ब्युरेटरच्या गाड्या उंचीवर गुदमरत. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, मग काळा धूर, मिस-फायरिंग, चढावर पहिल्या गिअरमध्ये रखडणं. जेटिंग बदलायला लोक अर्धा दिवस घालवत. एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि फ्युएल इंजेक्शन जवळजवळ सगळीकडे झालं. इंजेक्शनचा मेंदू हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतो. ताकद तरीही जाते, कारण पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर येते. पण गाडी कुरकुरत नाही. पूर्वी गाडी दमली की स्वार थांबायचा. आता गाडी थांबायला सांगत नाही आणि स्वाराच्या आत असा दाब मोजून लगेच जुळवून घेणारा कोणताही भाग बसवलेला नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप एकटेपणाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. उंचीचा त्रास वाढून मेंदूला सूज येऊ लागली की पहिला बळी निर्णयशक्तीचा जातो. चालताना झोक जातो, बोलणं अडखळतं, आणि ज्याचं असं होतं त्यालाच ते कळत नाही. बरोबरचा माणूस हे ओळखतो. एकट्याचं कोण ओळखणार? परदेशी मार्गदर्शक पुस्तकं अशा वेळी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र ठेवायला सांगतात. भारतात सॅटेलाइट फोन आणि तशी यंत्रं सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, तेव्हा तो सल्ला आपल्या कामाचा नाही. मोबाइलचं म्हणाल तर लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड कार्डं चालत नाहीत, पोस्टपेड लागतं आणि तेही वाटेतल्या मोठ्या टप्प्यांवर गप्पच असतं. म्हणून एकट्याने जाणाऱ्याने तंबू टाकावा तो शक्यतो माणसांच्या हाकेच्या अंतरावर. ढाब्याच्या मागे, रस्ते बांधणाऱ्यांच्या वस्तीजवळ, गावाच्या कडेला विचारून. ‘सकाळी आठपर्यंत बाहेर आलो नाही तर बघा’ एवढं तिथल्या कुणाला सांगून ठेवायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी आणि उठल्यावर टाचेला बोट लावून सरळ रेषेत दहा पावलं चालून पाहणं हेही एकट्याला करता येतं. आणि डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, हा नियम घरी शांत डोक्याने ठरवून यायचा असतो. खिंडीखाली तो ठरत नाही.

पण एकटेपणाच्या दुसऱ्या बाजूकडे फारसं कुणी पाहत नाही. दहा-बारा गाड्यांच्या ग्रुपमध्ये वेळापत्रक ठरलेलं असतं, हॉटेलं बुक असतात, मागून बॅकअप गाडी येत असते. त्यात एकाचं डोकं दुखू लागलं तर तो गोळी घेऊन गप्प बसतो, कारण त्याच्या एकट्यासाठी अकरा जण थांबणार नाहीत हे त्याला माहीत असतं. त्रास लपवण्याची ही सवय ट्रेकिंगच्या गटांतही दिसते. एकट्याला त्रास ज्याच्यापासून लपवावा असं कुणी नसतं. त्याच्या सुरक्षेचं भांडवल एवढंच, की तो कुणाचीही परवानगी न घेता मुक्काम अर्ध्यावर टाकू शकतो. तंबू नसेल तर हे भांडवलही जातं. मग एकट्याचे तोटे तेवढे शिल्लक राहतात.

अर्थात तंबू नेला म्हणजे झालं असं नाही. थंडीत तंबू फक्त वारा अडवतो, ऊब स्लीपिंग बॅगची आणि तिच्याखालच्या मॅटची. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यांतलं ‘कम्फर्ट’ खरं मानायचं. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जेमतेम जीव वाचेल असा आकडा, दुकानदार तोच मोठ्याने सांगतो. सर्चूला सप्टेंबरात पारा शून्याखाली जातो. गॅसच्या छोट्या डब्यांत नुसतं ब्यूटेन असेल तर ते शून्याच्या आसपास वायू व्हायलाच तयार नसतं आणि स्टोव्ह मिणमिणतो. प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्यावा, आणि तोही विमानात नेता येत नाही, वाटेतच विकत घ्यावा लागतो. स्टोव्ह पेटला तरी ४,३०० मीटरवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. पातेल्यात बुडबुडे जोरात येतात आणि तूरडाळ तासाभरानेही दाताखाली कचकच करते. म्हणून पोहे, सातू, शेवया, भाजलेला रवा. मुगाच्या खिचडीची हौस असेल तर छोटा कुकर. स्वयंपाक मात्र तंबूच्या बाहेर. बंद तंबूत स्टोव्ह पेटवून ऊब घेणाऱ्याला कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

पर्यावरणाचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. वाळवंटी डोंगरात जिथे सपाट हिरवळ आणि पाणी दिसतं तिथेच प्रत्येकाला तंबू ठोकावासा वाटतो, आणि नेमकी तीच जागा कुणाची तरी असते. लडाखच्या चांगथांग पठारावरचे चांगपा पशुपालक याकच्या केसांच्या ‘रेबो’ तंबूत राहतात आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या अशाच गवतावर पोसतात. त्सोमोरिरी, त्सोकार, चंद्रताल या रामसर यादीतल्या पाणथळ जागा आहेत, काळ्या मानेचे क्रौंच लडाखच्या अशा दलदलींत वीण करतात. चंद्रतालच्या काठावर तंबू टाकायला बंदी घालून छावण्या दूर हलवल्या, ते योग्यच झालं. पण मी ज्या तंबूचा पुरस्कार करतो आहे तो तळ्याकाठच्या फोटोसाठी नाही. तो ढाब्याच्या मागच्या मुरमाड जमिनीवर, चार पैसे देऊन, जेवण त्याच ढाब्यावर करून टाकायचा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही, घसरणाऱ्या मुरमाच्या उताराखाली नाही, लष्कराच्या हद्दीजवळ तर नाहीच. कचरा परत न्यायचा.

राहता राहिला रजेचा प्रश्न, आणि खरं तर सगळे आक्षेप शेवटी इथेच येतात. दहा दिवसांची रजा, त्यात चंदीगढपर्यंत गाडी ट्रेनने पाठवायची, लेह, खारदुंग, पँगाँग, परत. या हिशेबात दीपक तालचा दिवस बसत नाही हे मला मान्य आहे, म्हणून मी दहा दिवसांत मनालीमार्गे लेह सुचवत नाही. श्रीनगरहून जा. तो रस्ता १,५८५ मीटरवरून सुरू होतो, झोजिला ३,५२८, मग द्रास, मग कारगिल पुन्हा २,७०० मीटरच्या खाली, नंतर लेह. तीन हजारांच्या वर झोपण्याच्या उंचीत कुठेही दांडगी उडी नाही. किंवा लेहचा नादच सोडून सिमल्याकडून किन्नौरमार्गे स्पितीत जा. कल्पा, ताबो, काझा, सगळं पायरीपायरीने. आणि लेहला पोचलातच तर पुढचा मुक्काम उंची पाहून निवडा. खारदुंगला दिवसा चढून नुब्रात हुंदरला झोपणं सोपं, कारण हुंदर लेहहून खाली आहे. पँगाँगचा काठ सव्वाचार हजारांवर आहे आणि लेहहून एका दिवसात गाठता येतो, म्हणून बहुतेक जण तिथेच पडतात आणि रात्रभर उशीवर डोकं धरून बसतात. अलीकडे तांगत्से गाव ३,९००च्या आसपास आहे. तिथे रात्र काढून पहाटे निघालं तर तळ्यावर सकाळचं ऊन पडायच्या आत पोचता येतं, आणि दिवसभर काठावर राहून संध्याकाळी पुन्हा तांगत्सेलाच उतरता येतं.